नागूबायचा नाय

नागूबाय कोळणीला मी पहिल्यांदा पाहिलं ते म्युनिसिपालिटीच्या कचेरीत. पापलेटांनी भरलेली पाटी तिनं सरळ माझ्या टेबलावर आदळली होती. टेबलावर जन्ममृत्यूचं रजिस्टर उघडं होतं आणि त्या महिन्यात गावात जन्मलेल्या सगळ्या पोरांच्या नावांवर मासळीचं पाणी ठिबकत होतं. मी घाटावरचा माणूस, त्यातून शाकाहारी, आणि नोकरीला लागून जेमतेम आठवडा झालेला. मी नाकाला रुमाल लावला. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तो मुकाट्यानं खिशात घातला.

"तूच काय रं नवीन लिवनारा?"

मी म्हटलं, हो, मी नवा कारकून.

"पेठेतनं पाटी न्यावाची नाय, खाडीच्या मागल्या वाटेनं न्यावाची, असं लिवलंस तू. मना कोन इचारलं?"

मी तिला समजावून सांगितलं की मी फक्त नोटीस लिहिली. ठराव सभेचा आहे, नऊ सभासदांनी हात वर करून तो केलेला आहे. पेठेत प्रतिष्ठित लोकांची घरं आहेत, त्यांना वासाचा त्रास होतो.

"नवातलं एक तरी पाटी उचलतंय काय?"

तिनं पाटी डोक्यावर घेतली, दारापर्यंत गेली आणि तिथून सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मंग लिव. नागूबाय पेठेतनंच जानार."

आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी शिपायानं तिला भर पेठेत अडवलं. "धर जरा," असं म्हणून तिनं पाटी त्याच्या दोन्ही हातांत दिली आणि सावकाश अंबाड्यातली अबोलीची वेणी सोडून पुन्हा माळायला घेतली. तिची वेणी होईपर्यंत तो शिपाई डोक्यावर सरकारी पगडी आणि हातांत सुरमई घेऊन वाण्याच्या दुकानासमोर उभा होता. त्यानंतर आमच्या शिपायांना नागूबाय समोरून आली की आकाशात काहीतरी दिसायचं, आणि ती पार होईपर्यंत ते वर बघत राहायचे.

ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या आगेमागेची. गाव उरण आणि श्रीवर्धन यांच्यामधल्या किनाऱ्यावरचं. नाव सांगत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांची नातवंडं अजून तिथं नांदतायत आणि एकमेकांच्या लग्नाला जातायत.

नागूबाय तेव्हा पन्नाशीच्या अलीकडे असावी. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी दर्यावर गेला तो परत आला नव्हता. मूलबाळ नव्हतं. कोळीवाड्यातलं कौलारू घर तिच्या नावावर होतं. दिसायला ठेंगणी, काळी आणि रुंद. मिश्रीनं दात काळे केलेले. चालताना तिचं वरचं अंग हलत नसे, जन्मभर डोक्यावर पाटी वाहिल्याचा तो परिणाम. तिला काही विचारलं तर ती आधी अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवायची, मग बोलायची. मला आधी वाटलं जप करते. ती तिथी मोजत असे. आज पाणी कधी चढणार, कधी उतरणार, हे तिच्या बोटांवर कायम हजर असायचं आणि बाकीचं जग त्यामागून. समुद्राकडे पाठ करून ती कधी बसली नाही. कुणाच्या घरी गेली तरी आधी "दर्या कंच्या अंगाला?" असं विचारून मग टेकायची.

आणि ती सगळ्या जगाला अरे-तुरे करी. मामलेदार, भटजी, मशिदीचे मौलवीसाहेब, कुणालाही सूट नव्हती. एकदा आमचे अध्यक्ष रावसाहेब तिला म्हणाले, "बाई, माणसानं माणसाला मानानं बोलावं." त्यावर ती म्हणाली, "एकवीरा आईला मी अगं बोलतंय. तू तिच्यापरीस मोठा काय?"

रावसाहेब म्हणजे गावचं मोठं प्रस्थ. सरकारनं दिलेली पदवी, गावाबाहेर आमराई, आणि सलग तीन वेळा म्युनिसिपालिटीचं अध्यक्षपद. वाईट माणूस म्हणणार नाही मी त्यांना. गाव सुंदर दिसावं एवढीच त्यांची इच्छा होती. फक्त गावात राहणारी अर्धी माणसं त्यांच्या त्या सुंदर गावात बसत नव्हती.

त्यांच्या डोक्यात बाग आली तिथून पुढचं सगळं सुरू झालं. कलेक्टरसाहेब पाहणीला येत, मुंबईची बडी मंडळी हवापालटाला येत, त्यांना संध्याकाळी फिरायला बाग हवी, मधोमध बॅंड वाजवायला चौथरा हवा. जागा कुठली? तर किनाऱ्यालगतची मोकळी सरकारी जमीन. ती रावसाहेबांना मोकळी दिसली, कारण ते तिथं पावसाळ्याच्या तोंडी गेले असतील. एरवी ती मोकळी नसायचीच. ते कोळ्यांचं खळं होतं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर सोडे आणि जवळा पसरलेला, आणि खांबांना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. लांबून पाहिलं तर कुणीतरी धुणं वाळत घातलंय असं वाटावं.

पावसाळ्याचे चार महिने होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्या चार महिन्यांत कोळीवाडा जे खातो आणि जे विकतो ते सगळं त्या खळ्यावर वाळलेलं असतं. खळं गेलं म्हणजे चार महिन्यांचा घास गेला. हे मला नागूबायनंच सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "लिवनाऱ्या, पावसात आमची पोरं काय बाग खातील?"

बागेचा ठराव मंजूर झाला आणि सहा महिन्यांत निवडणूक आली. कोळीवाडा आणि आसपासची घरं मिळून एका वॉर्डाला एक जागा होती. तिथून दर वेळी रावसाहेबांच्या गोटातले एक वकील निवडून येत. तीन वर्षांतून एकदा ते कोळीवाड्यात जात, नाकाला अत्तराचा फाया लावून. कोळीवाड्याचा पाटील त्यांना नारळ देई आणि पुरुषमंडळी मुकाट्यानं त्यांना मतं देत. याही वेळी पाटील म्हणाला, वकिलाच्या हातापाया पडू, तो काहीतरी करील.

नागूबाय म्हणाली, "मी हुबी ऱ्हातंय."

लोक हसले म्हणे. पाटील म्हणाला, बायका काय निवडणुकीला उभ्या राहतात? तेव्हा ती म्हणाली, "बाजारात म्हावरं विकाला बायको चालतंय, भांडाला बायको चालतंय. मंग मुनशिपाल्टीत तोंड उघडाला काय झालं?"

कायद्यानं बायकांना तो हक्क आधीच मिळाला होता, फक्त आमच्या गावात तो कुणी बजावला नव्हता. ज्याच्या नावावर घर त्याला मत, आणि नागूबायच्या नावावर घर होतं. मी नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं. तिला अडवणारं एक अक्षर त्यात नव्हतं. अर्जावर सूचक म्हणून मात्र सही करायला कोळीवाड्यातला एकही पुरुष पुढे येईना. रावसाहेबांशी वैर कोण घेणार? शेवटी हसन नाखवा आले. त्यांचं घर त्याच वॉर्डात, मशिदीमागे. हयातभर गलबत चालवलेला, पांढऱ्या दाढीचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी उर्दूत सही केली आणि मला म्हणाले, "कारकूनसाब, हिचा घरवाला माझ्या गलबतावर खलाशी होता. तुफानात मी वाचलो, तो गेला. मला सही करायला कुणाला विचारायची जरूर नाय." अनुमोदक म्हणून एका विधवा कोळणीनं अंगठा दिला.

आता तारीख ठरवायची होती. रावसाहेबांनी मला घरी बोलावलं. झोपाळ्यावर बसून ते पंचांग चाळत होते. खूप वेळ चाळलं. मग म्हणाले, "अमावास्येनंतरची तृतीया घाला. मतदान सकाळी आठ ते दुपारी बारा." मी मनात म्हटलं, केवढा श्रद्धाळू माणूस, निवडणुकीलासुद्धा मुहूर्त बघतो. मी आनंदानं तारीख लिहून वर पाठवली, ती मंजूर होऊन आली आणि मी माझ्या सुवाच्य अक्षरात नोटीस काढली. मला माझ्या अक्षराचा फार अभिमान होता.

नागूबायला ती मीच वाचून दाखवली. तिनं बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. मग ती हसली, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

"मुहूर्त नाय रं येड्या. उधान हाय हे."

आणि मग तिनं त्या घाटावरच्या गाढवाला, म्हणजे मला, दर्या शिकवला. आमचे कोळी डोल लावतात. डोल म्हणजे पाण्याच्या ओढीत तोंड उघडून बांधलेलं पिशवीसारखं जाळं. ओढ जोराची असेल तरच त्यात मासळी शिरते. अष्टमीच्या आसपास पाणी मंद असतं, तेव्हा पुरुष घरी बसून जाळी दुरुस्त करतात. अमावास्या-पुनवेनंतर उधाण येतं, तेव्हा सगळा कोळीवाडा दर्यावर असतो. त्या चार-पाच दिवसांवर पंधरवडा जगायचा असतो. त्यातून आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा. त्या तिथीला सकाळी पाणी पार उतरलेलं असतं. होड्या दांड्याबाहेर येऊन थांबतात आणि भरती चढली की दुपारी एकच्या सुमारास आत येतात. मतदान बाराला संपणार होतं.

मी म्हटलं, मी अर्ज करतो, तारीख बदलायला सांगतो. ती म्हणाली, "कनाला? तुजी नोकरी जाईल आनि तारीख तीच ऱ्हाईल."

"मग पुरुषांना एक दिवस घरी थांबायला सांगा."

"उधान सोडून? पोरांच्या तोंडातलं काडून?" ती माझ्यावर खेकसली. "मी मुनशिपाल्टीत जावाला पोरं उपाशी ठेवू काय?"

पुढचं मला नंतर कळलं ते सांगतो. होड्या निघायच्या आदल्या दिवशी कोळीवाड्यात बैठक झाली. नागूबाय म्हणाली, दांड्याबाहेर थांबाल तेव्हा होड्या पोरांवर सोपवा, ज्याच्या नावावर घर आहे त्यानं तेवढं उतरून चिखलातनं चालत या. सगळे पुरुष एकदम ओरडले. दांड्यापासून गावापर्यंत पाऊण कोस नुसती दलदल. पाटील म्हणाला, "त्या चिकलात मानूस गेला तर कमरंपर्यंत रुतंल. जीव द्यावाचा काय?"

नागूबाय म्हणाली, "तुजी बायको रोज जातंय निवट्या पकडाला. ती मेली काय?"

गोष्ट खरी होती. दर्या पुरुषांचा, पण चिखल बायकांचा. रोज ओहोटीला बायका त्या दलदलीत उतरून निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, धरत, कालवं फोडून आणत. पाय कुठं ठेवायचा, कुठं नाही, कुठल्या रंगाचा चिखल माणसाला धरतो आणि कुठला गिळतो, हे त्यांना पायाच्या तळव्यांनी कळे. दहा वाव खोल पाण्यात होड्या हाकणाऱ्या तांडेलांना मात्र घरासमोरचा चिखल ठाऊक नव्हता. त्यांना तिथं जायची वेळच कधी आली नव्हती.

मतदान शाळेत होतं. मी टेबलाशी यादी घेऊन बसलो होतो. नऊ वाजले तरी कोळीवाड्याच्या यादीतल्या दोन-तीन विधवा येऊन गेल्या, एवढंच. वकीलसाहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून पान खात होते. रावसाहेब दोनदा येऊन समाधानानं परत गेले. शाळेच्या खिडकीतून खाडी दिसायची. साडेनवाच्या सुमारास मी सहज पाहिलं आणि उठून उभा राहिलो.

लांब चिखलात एक रांग हलत होती. पुढे नागूबाय, लुगडं मांडीपर्यंत खोचलेलं, हातात काठी. तिच्यामागे एक पुरुष, मग एक बाई, मग एक पुरुष. प्रत्येक बाईनं एकेका तांडेलाचा हात धरला होता आणि ती त्याला पाऊल कुठं टाकायचं ते सांगत होती. धिप्पाड माणसं आंधळ्यांसारखी बायकांच्या मागून येत होती. मध्येच एकजण मांडीपर्यंत रुतला. दोघींनी त्याच्या बगलेत हात घालून त्याला उपटून काढला आणि त्या शिव्या देत होत्या ते शाळेपर्यंत ऐकू आलं. त्यांच्या मागे, अगदी मागे, भरतीचं पाणी चकाकायला लागलं होतं. तोपर्यंत मी बारा निवडणुकांचं काम पाहिलेला तटस्थ सरकारी नोकर असल्याचा आव आणत होतो, तो त्या खिडकीशी गळून पडला. मी मनातल्या मनात ओरडत होतो, चला, चला.

ते सगळे पेठेतून आले. कमरेपर्यंत काळ्या चिखलानं माखलेले, मासळीचा आणि खाडीचा वास घेऊन, भर पेठेतून. प्रतिष्ठितांच्या खिडक्या पटापट मिटल्या. शाळेच्या दाराशी वकीलसाहेब आडवे झाले. "असल्या अवस्थेत आत येता येणार नाही. सरस्वतीचं मंदिर आहे हे!"

मतदान अधिकारी बाहेरगावचा होता. त्यानं मला विचारलं, "स्वच्छतेचा काही नियम आहे?" मी म्हटलं, "पुस्तकात नाही." माझ्या नोकरीतलं एवढं धाडसी वाक्य मी पहिल्यांदाच बोललो होतो.

लिहिता न येणाऱ्यानं अधिकाऱ्याच्या कानात नाव सांगायचं आणि त्यानं फुली मारायची, अशी पद्धत होती. कोळ्यांना कानात बोलायची सवय नाही. एकेकजण आत येई आणि वाऱ्यावर हाक मारल्यासारखा ओरडे, "नागूबाय!" बाहेर व्हरांड्यात वकीलसाहेबांचं पान तोंडातच राहिलं. बारा वाजता दार बंद झालं. शाळेची फरशी पुढे आठवडाभर धुवत होते. नागूबाय सात मतांनी निवडून आली.

खरी मजा पुढेच झाली. नऊ सभासदांतून अध्यक्ष निवडायचा होता. रावसाहेबांकडे त्यांच्यासकट चार. विरुद्ध बाजूला गावचे डॉक्टर, खादी नेसणारे, कोळीवाड्यात फुकट औषध देणारे. त्यांच्याकडेही चार. नववी नागूबाय. मामलेदार सभेचं काम चालवायला आले होते. रावसाहेबांना चार हात वर झाले. डॉक्टरांना चार हात वर झाले. नागूबायनं खुर्ची खिडकीकडे फिरवून घेतली होती, ती समुद्राकडे बघत बसली.

मामलेदार म्हणाले, "बाई, आपलं मत?"

"इचार करतंय."

"तटस्थ लिहू का?"

"तटस-बिटस काय लिवू नको. इचार करतंय बोल्ले ना?"

मामलेदार तरुण होते आणि पुस्तकाबाहेर पाऊल टाकणाऱ्यांतले नव्हते. हजर सभासद नाही म्हणत नाही, तटस्थ म्हणत नाही, तर सभा मिटवणार कशी? सगळे बसून राहिले. अर्धा तास गेला. तास गेला. आता गंमत अशी की कुणालाही उठता येईना. जो बाहेर जाईल त्याच्या बाजूचं मत कमी, आणि तेवढ्यात बाईनं विचार संपवला तर? आणि रावसाहेबांना मधुमेह होता. त्यांना तासाभरात उठावं लागतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, नागूबायला तर नक्कीच. रावसाहेब खुर्चीत या बाजूचे त्या बाजूला होऊ लागले. कपाळावर घाम आला.

"बाई, तुला हवंय तरी काय?" ते कळवळून म्हणाले.

"माजं खलं. बागेचा ठराव फारून टाका."

रावसाहेब म्हणाले, "ते शक्य नाही." डॉक्टर मात्र कागद पुढे ओढून लिहू लागले. पहिल्याच सभेत बागेचा ठराव रद्द करू, खाली चौघांच्या सह्या. त्यांनी तो कागद मला वाचायला दिला. नागूबाय म्हणाली, "तो नको. रावसायबा, तू वाच."

"मी? मी का वाचू?"

"तू त्याचा दुश्मन हायेस. तू वाचलंस तं त्यात नसलेलं गोड काय वाचनार नायस."

मामलेदारांनी हसू लपवायला टेबलाखाली काहीतरी शोधलं. रावसाहेबांनी दात ओठ खात वाचलं, शब्दन् शब्द, आपल्याच पराभवाचा कागद. संपताच नागूबायनं डॉक्टरांसाठी हात वर केला आणि रावसाहेब जे सुटले ते सरळ मागच्या अंगणात. डॉक्टर अध्यक्ष झाले. पहिल्या सभेत ठराव रद्द झाला.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण जग थांबत नाही आणि डॉक्टरही थांबले नाहीत. अडीच वर्षांनी मुंबईचे कुणी दानशूर गृहस्थ आले. त्यांना समुद्राच्या हवेत आरोग्यधाम बांधून द्यायचं होतं. डॉक्टरांचं ते जन्माचं स्वप्न होतं. जागा कुठली, तर किनाऱ्यालगतची, मोकळी. खळं दोन कोसांवर, डोंगराच्या नाकाडापलीकडे न्यावं, तिथं वासाचा त्रास नाही.

सभेत डॉक्टर फार सुंदर बोलले. माशा, दुर्गंधी, रोगराई, क्षयाचे रोगी, शुद्ध हवा. ते बोलत होते ते मनापासून होतं, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. रावसाहेबांची माणसंही त्यांना मिळाली.

नागूबाय म्हणाली, "तू चिठी लिवली हुतीस."

"ती बागेबद्दल होती, बाई. तो शब्द मी पाळला. हे रोग्यांसाठी आहे."

"इतकी वर्सं आमच्या घराघरातनं सुके बोंबील नेलंस. तवा वास नाय आला?"

डॉक्टरांनी ठराव मताला टाकला. आठ हात वर गेले. मला त्या दिवशी डॉक्टरांचा राग आला, त्या आठ हातांचा आला, आणि तो सगळा शिस्तीत लिहून घेणाऱ्या माझ्या हाताचा सगळ्यात जास्त.

आमच्या सभेत एक रीत होती. एखादाच सभासद विरुद्ध असला तर त्याचा विरोध कागदावर आणायचा नाही, शोभत नाही म्हणून. डॉक्टर हळूच म्हणाले, "लिहा, सर्वानुमते मंजूर."

मी 'सर्वा' एवढं लिहिलं होतं.

"थांब," नागूबाय म्हणाली. ती उठून माझ्या टेबलाशी आली. तिला अक्षर येत नव्हतं, पण कागदावर काय चाललंय ते तिला कळत होतं. "सगल्यांचं मत काय लिवतंस? मी मेले काय? लिव, नागूबायचा नाय."

मी अध्यक्षांकडे पाहिलं. पण बोलले ते रावसाहेब. त्यांनी ठरावाच्या बाजूनंच हात वर केला होता, तरी ते काठी आपटून म्हणाले, "लिहा हो! बाई सांगते तसं लिहा. तिचा नकार तिनं कमावलाय." मी 'सर्वा' खोडलं आणि माझ्या चांगल्यात चांगल्या अक्षरात लिहिलं: नागूबाय यांचा नकार. ती म्हणाली, "वाच." मी वाचलं. "नकार नको. मी बोल्ले तसं लिव." मी तेही खोडलं.

आठवड्याभरात ओव्हरसियरनं खळ्याभोवती कुंपणाचे खांब पुरले. तार मुंबईहून बोटीनं यायची होती. ती पुढे आली, गोदामात पडली, आणि मी त्या गावी असेपर्यंत बाहेर निघाली नाही. मी तिथं फार दिवस नव्हतोही. ते इतिवृत्त वर गेल्यावर माझी बदली झाली, ती का झाली हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. पण बदलीचा कागद यायच्या आधी एकदा मला डॉक्टरांनी सकाळीच खळ्यावर पाठवलं. कुंपणाचं काम कुठवर आलंय, बघून या म्हणाले.

मी गेलो. जुन्या दोऱ्या, जुने खांब ओव्हरसियरनं उपटून टाकले होते. पण म्युनिसिपालिटीचे नवे, सरळ, डांबर लावलेले खांब ओळीनं उभे होते, आणि कोळीवाड्याच्या बायकांनी एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, चारी बाजूंनी, दोऱ्या ताणून बांधल्या होत्या. त्यांच्यावर बोंबील. जबड्यात जबडा अडकवलेल्या हजारो जोड्या, ओल्या, उन्हात चकाकणाऱ्या. सबंध सरकारी कुंपण बोंबलांनी भरून गेलं होतं. नागूबाय एका पालथ्या टोपलीवर चढून शेवटची गाठ मारत होती. गाठ दातानं ओढून पक्की केली आणि मग तिनं माझ्याकडे वळून पाहिलं.

"लिवनाऱ्या, तुज्या डागदरला सांग, खांब बेस पुरलंस. फकस्त हातभर उंच हवं हुतं. बोंबलाचं शेपूट भुईला लागतंय."

मी कचेरीत गेलो आणि अध्यक्षांना ते तसंच्या तसं सांगितलं.